मोरबेटावरची झोप

नांदेडला स्टेशनसमोर सीताफळांच्या पाट्या येऊन बसल्या की पावसाळा सरला, असं मी समजते. कॅलेंडर काहीही म्हणो. किनवटकडून आलेल्या बाया गोणपाटावर फळं मांडून बसतात, खाली हिरवा पाला अंथरलेला असतो. मी रेल्वेच्या ऑफिसातून सुटते, त्यांच्यासमोर उकिडवी बसते आणि कच्चीच फळं उचलते. डोळे नुकते उघडलेली, अजून टणक. खरं तर मला फळापेक्षा त्या पाल्याचा वास हवा असतो. उग्र, कडसर, बोटांना दिवसभर चिकटून राहणारा.

त्या बायांच्या डोक्यावर क्लासवाल्यांचे मोठमोठे फलक असतात. पासपोर्टचे फोटो फुगवून लावलेले पोरापोरींचे चेहरे, खाली गुण. दरवर्षी चेहरे बदलतात, पण डोळे तेच वाटतात. झोप न झालेले.

यंदा ऑफिसातल्या एक बाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "अनंत चतुर्दशीला पण टेस्ट ठेवलीय हो पोरीची. सगळं गाव गणपती बघंल आन ही पेपर लिहील."

मी म्हटलं, "पाठवू नका."

त्या हसल्या. मी गंमत करतेय असं त्यांना वाटलं. मी डबा झाकला आणि पुन्हा एकदा सांगितलं, "खरंच पाठवू नका. डोंगरावर पाठवा."

माझं बारावीचं वर्ष लातूरला गेलं. मी देगलूरची. आई तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पोरीला लातूरला घातलं की पोरगी डॉक्टर होणार, हे त्या वर्षांत अख्ख्या मराठवाड्यानं धरून चाललेलं होतं, आईनंही. बाहेरच्या माणसाला लातूर दोनच गोष्टींनी ठाऊक असे. एक भूकंप, दुसरा निकाल. एकाबद्दल विचारताना किती गेले म्हणायचे, दुसऱ्याबद्दल विचारताना मेडिकलला किती लागले. भूकंपानंतर वरचा मजला नको म्हणून अंगणात पाल ठोकून राहिलेलं हे शहर, पोरं शिकायला यायला लागली तसं मजल्यावर मजले चढवू लागलं. खोलीत तीन कॉट, एक पंखा, भिंतीवर सूत्रांचे कागद. भीती भाड्यानं दिली होती जणू.

आमच्या खोलीत आम्ही तिघी. शबाना उदगीरची. तिच्या वडलांचं चौकात बांगड्यांचं दुकान, त्यामुळं ही सदा किणकिणत यायची, आणि बोलायची अर्धं मराठी अर्धं दखनी. तिसरी सुनंदा. औसा तालुक्यातली, भूकंपात बसलेल्या गावांपैकी एका गावची. भूकंप झाला तेव्हा ती सहावीत होती. त्यात तिचा मोठा भाऊ गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापुढं ती बोलत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो.

सुनंदा झोपत नसे. म्हणजे पडायची, पण झोपत नसे. तिनं आपली कॉट दाराला लावून घेतली होती. दाराला आतून कडी घालू द्यायची नाही. उशाशी ताटलीत स्टीलचा ग्लास पालथा घालून त्यावर दुसरा ग्लास ठेवायची. जमीन हलली की ग्लास पडणार आणि आपण उठणार. पण समोरच्या रस्त्यानं मळीचा टँकर गेला तरी ग्लास वाजायचा. आम्ही डोळे उघडेपर्यंत सुनंदा अनवाणी अंगणात पोहोचलेली असायची. वसतिगृह चालवणाऱ्या काकू वैतागायच्या. "पोरी, आता किती वर्षं झाली? सोड की." सुनंदा मान हलवायची, ग्लास पुन्हा रचायची.

अशी पोरगी सकाळी क्लासमध्ये पेंगणारच. चाचणीत मार्क घसरले, तसं तिला पहिल्या तुकडीतून तिसरीत टाकलं. तिथं शेवटचा बाक. मोठे सर म्हणजे क्लासचे मालक. फिजिक्स तेच शिकवायचे. वर्गात तिच्याकडं बोट करून म्हणायचे, "हिच्याकडं बघा. हिचं घर पडलं, घरदार गेलं, तरी ही उभी आहे. आणि तुम्ही? तुम्हाला पंखा बंद पडला तरी अभ्यास सुचत नाही." सुनंदा वहीत बघायची.

तिला फीमध्ये सवलत होती, आणि त्या सवलतीच्या बदल्यात काय द्यायचं हे कुणी बोललं नव्हतं, पण ठरलेलं होतं. अकरावीत असताना भूकंपाच्या स्मरणाचा कार्यक्रम क्लासनं ठेवला. मंडप, पाहुणे, समई. सुनंदाला स्टेजवर उभं केलं. सरांनी तिची गोष्ट सांगितली, पाहुण्यांनी शाल घातली, फोटोवाल्यानं "ताई, जरा वर बघा" म्हटलं. तो फोटो पुढं क्लासच्या जाहिरातीत आला. ढिगाऱ्यातून उठलेली मुलगी.

बारावीत तोच कार्यक्रम पुन्हा ठरला. भूकंपाच्या तिथीनं, अनंत चतुर्दशीला सकाळी; कॉलेजला सुट्टीच होती. या वेळी नुसतं उभं राहायचं नव्हतं, बोलायचं होतं. सरांनी भाषण लिहून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "शुद्ध बोलायचं. 'लई' आणि 'न्हाई' नको. पाहुणे पुण्याचे आहेत."

आदल्या संध्याकाळी सुनंदा ते भाषण वाचत बसली होती. वाचता वाचता तिनं कागदाची घडी घातली, कॉटचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सारली आणि म्हणाली, "मी जाणार न्हाई."

शबाना उठून बसली. "कुठं न्हाई जाणार?"

"स्टेजवर."

"मग दिवसभर इथं बसणार? सर येतील की घ्यायला."

"इथं बी बसणार न्हाई."

शबानाला काय सुचलं कोण जाणे. ती म्हणाली, "चल मग, मोरबेटाला जाऊ."

मोरबेट म्हणजे रेणापूरच्या पुढं, बालाघाटाच्या रांगेतून सुटून एकटाच बाजूला बसलेला डोंगर. आमच्याकडं अशा सुट्या डोंगराला बेट म्हणतात. त्याच्या पायथ्याच्या गावात शबानाची खाला, म्हणजे मावशी राहायची. डोंगरावर देऊळ नाही, किल्ला नाही, जत्रा भरत नाही, सहल जात नाही. "मग आहे काय तिथं?" मी विचारलं. "कुछ भी नै," शबाना अभिमानानं म्हणाली.

मला वाटलं, पहाटे गुपचूप सटकायचं. पण सुनंदा म्हणाली, "सांगून जायचं. पळून कामून जायचं? आपण काय चोरी करलालाव?"

तसं सकाळी आम्ही काकूंना सांगितलं. काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातातच राहिलं. "अगं, आज कार्यक्रम! सर मला काय म्हणतील?"

"सांगा, ती डोंगरावर गेली," सुनंदा म्हणाली, आणि चपला घातल्या.

रेणापूरपर्यंत एक एसटी, पुढं दुसरी. दोन्ही रिकाम्या, सणाचा दिवस. खिडकीतून सोयाबीन पिवळं पडत चाललेलं, मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी, बांधाला झेंडू. फाट्यावर उतरून गावात गेलो तर शबानाच्या खालानं कपाळावर हात मारला. "डोंगर पे काय को जाते गे? गुराखी नै जाते उधर. साप हैं, कुसळां हैं." पण बोलता बोलताच भाकरी थापायला बसली. शेंगदाण्याची चटणी, कांदे, पाण्याची बाटली फडक्यात बांधून दिली. सुनंदाकडं पाहून तिनं विचारलं, "ये बच्ची इतनी सुकी कैसी?" शबाना म्हणाली, "सोती नै." खालानं एक भाकरी जास्तीची घातली, जसं काही झोप भाकरीनं येते.

डोंगराला वाट नव्हती. गवत कमरेएवढं, वर तुरे आलेले, कुसळं सलवारीत घुसून टोचत होती. पिवळ्याजर्द फुलांचा तरवड. मग काळे दगड सुरू झाले आणि दगडांच्या फटीफटीतून सीताफळाची झुडपं. कुणी लावलेली नाहीत, कुणी राखलेली नाहीत. ओढणी अडकली की फांदी ओढायची, पाला हाताला चुरगळायचा, वास यायचा. शबाना मोठ्या सरांची नक्कल करत चढत होती. "पोरांनो, हा चढ नव्हे, हा इन्क्लाइन्ड प्लेन आहे. शबानाचं वजन एवढं, घर्षण एवढं, तर ती किती वेळात रडेल?" आम्ही हसून हसून खाली बसलो. त्या वर्षात मी मोठ्यानं हसले ते तिथंच. क्लासच्या खोल्यांमध्ये हसणंसुद्धा वेळ बघून करायचो आम्ही.

वर पोचलो. पठार लहानसं, सपाट, काळ्या कातळाचं. कातळाच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलेलं, त्यात आभाळ. वारा होता, पण आवाज करत नव्हता. लांब धरणाच्या पाण्याची पांढरी रेघ, खाली फाट्याचा रस्ता दोरीसारखा. मोरबेटावर एकही मोर नव्हता. नावापुरताच असावा कधीतरी.

सुनंदा कातळाच्या मधोमध उभी राहिली. तिनं मान वर केली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"काय बघतीस गं?" मी विचारलं.

"इथं वर काहीच न्हाई."

"काय न्हाई?"

"डोक्यावर. पडण्यासारखं."

आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. सीताफळं तोडली, एखादंच पिकलेलं निघालं, ते तिघींनी वाटून खाल्लं, बिया कोण लांब थुंकतं ते पाहिलं. आणि मग कुणी न विचारता सुनंदा बोलायला लागली. साधंच. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

"आमचं घर पडलंच न्हाई," ती म्हणाली. "सर म्हणतात तसं काही झालं न्हाई. आमचं घर वस्तीत, गावाच्या बाहेर. पत्र्याचं. कुडाच्या भिंती. जमीन हलली, पत्रे वाजले, मडकी फुटली. आम्ही बाहेर आलो. आमच्या वस्तीत लई माणसं वाचली. मोठ्या दगडांची घरं होती ती गावात. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. ती बसली."

"मग दादा?" शबानानं विचारलं.

"दादाचा एक मित्र होता वर्गातला. गावातला, चिरेबंदी घर. लई दोस्ती. शाळेत, रानात, नदीवर, सगळीकडं सोबत. पण त्याच्या घरात दादा कधी ओसरीच्या आत गेला नव्हता. तुला कळतंय ना कामून?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "त्या रात्री गणपती बुडवून आले, उशीर झाला. त्या पोरानं घरात भांडण केलं म्हणे. म्हणला, हा आज आपल्यातच झोपंल. आन घरच्यांनी हो म्हणलं. पहिल्यांदाच. दादानं आईला सांगायला एक पोरगं पाठवलं. आई लई खूश झाली. म्हणली, राहू दे, राहू दे."

सुनंदानं हातातलं सीताफळाचं टरफल उलटं केलं, सुलटं केलं.

"दोघं शेजारी शेजारी सापडले. एकाच वाकळंत. हे स्टेजवर कसं सांगायचं? हे सांगितलं तर त्यांच्या भाषणात बसत न्हाई. आन त्यांचं सांगितलं तर दादा खोटा होतो. तो काय आमच्या घरात मेला न्हाई. तो मोठ्या मानानं झोपला होता तिथं."

शबानानं तिच्या पाठीवर हात ठेवला, बांगड्या वाजल्या, मग तिनं दुसऱ्या हातानं त्या दाबून धरल्या.

थोड्या वेळानं सुनंदा म्हणाली, "मला झोप येलालीय."

ती तिथंच कातळावर आडवी झाली. ऊन चढलं होतं, दगड तापलेला होता. तरी पडल्या पडल्या तिचा श्वास लांब झाला. तोंड उघडं, हात पसरलेले. तिला अशी मी कधी पाहिली नव्हती. खोलीत ती पडायची ती धावायच्या तयारीत, गुडघे पोटाशी, चपला हाताला लागतील अशा. इथं तिनं अंग सगळं जमिनीवर टाकून दिलं होतं. ज्या जमिनीनं दगा दिला, त्याच जमिनीवर.

शबानानं आपली ओढणी काढून झुडपाच्या दोन फांद्यांना बांधली, तिच्या तोंडावर सावली केली. मी बाजूला बसून माश्या हाकत राहिले.

लातूरला त्या वेळी मंडपात समई लागली असेल. पाहुणे हार घालून बसले असतील. सर पुन्हा पुन्हा गेटकडं बघत असतील. खोटं कशाला सांगू, मी भित्री होते. आईनं ज्या आशेनं मला तिथं ठेवलं होतं ती डोळ्यांपुढं येत होती. दुपारची एसटी चुकली तर अंधारापर्यंत गाडी नव्हती. मी हळूच म्हटलं, "शब्बो, उठवू या का हिला?"

शबाना म्हणाली, "खबरदार."

"अगं, गाडी..."

"ती किती वर्षांनी झोपली. गाडी रोजच आहे."

मग आम्ही दोघींनी वरून ती गाडी पाहिली. धुळीचा लोट, त्याच्या पुढं काडेपेटीएवढा लाल ठिपका. फाट्यावर थांबली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. गेली. ती गेली आणि माझी भीतीही कशी कोण जाणे, गेली. आता काही करता येण्यासारखं नव्हतं. चुकायचं ते चुकलं होतं, आणि डोंगर जागेवर होता, सुनंदा घोरत होती. मला वाटलं, येऊ देत कोण येतंय ते. या पोरीला आता कुणी उठवून दाखवावं.

तो हट्ट माझ्यात त्या दुपारी आला तो गेला नाही. आजही ऑफिसात कुणी साहेब कुणा बाईला सगळ्यांसमोर उभं करून झापायला लागला की माझी खुर्ची आपोआप मागं सरकते.

ऊन कलल्यावर सुनंदा उठली. गालावर कातळाचे वळ. "किती येळ झोपले?"

"लई," शबाना म्हणाली.

"गाडी?"

"गेली."

सुनंदानं आमच्याकडं पाहिलं आणि हसायला लागली. रडेल असं मला वाटलं होतं. पण ती हसली, आणि खळग्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं.

परतताना झेंडूच्या टेम्पोत जागा मिळाली. लातूरच्या वेशीवर मिरवणुकांनी रस्ता अडवला होता, तिथून चालत आलो. गुलालानं माखूनच वसतिगृहात शिरलो. काकू ओट्यावर बसून होत्या. तोंडाला येईल ते बोलल्या, आणि बोलून झाल्यावर ताटं वाढली. त्यांनी दोन एसटीडी कॉल केले होते, एक देगलूरला, एक उदगीरला. माझी आई फोनवर इतकंच म्हणाली होती, "सुखरूप आली की कळवा. बाकी उद्या बोलू." सुनंदाच्या आईकडं फोनच नव्हता.

तिघींचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. डॉक्टर मी झाले नाही. रेल्वेची परीक्षा दिली आणि नांदेडला लागले. शबाना उदगीरलाच शिक्षिका आहे, आणि तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज येतो अशी तिच्याबद्दल तक्रार असते. सुनंदा डॉक्टर झाली, पण गुरांची. गोठ्यांतून, रानांतून फिरते. अजून उघड्यावर झोपते. नवऱ्यानंही गच्चीवर बाज टाकायची सवय करून घेतली आहे. स्मरणाच्या कार्यक्रमांची निमंत्रणं तिला येतात. ती जात नाही. दादाच्या मित्राची आई अजून आहे. त्या दिवशी सुनंदा तिच्याकडं जाऊन बसते. दोघी काय बोलतात ते मी विचारलेलं नाही.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ.

पहिल्याच तासाला मोठे सर तिसऱ्या तुकडीवर आले. हातात खडू नव्हता. शेजारच्या तुकडीतून मला आणि शबानालाही बोलावून दाराशी उभं केलं. वर्ग गच्च भरलेला. सुनंदा शेवटच्या बाकावर उभी राहिली.

"काल कुठं होतीस?"

"डोंगरावर, सर."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पाहुणे तासभर ताटकळले. क्लासनं तुझ्यासाठी काय केलं नाही? ज्या मुलीचं घर पडलं, जिला..."

"सर," सुनंदा म्हणाली, "आमचं घर पडलं न्हाई."

सर थांबले.

"आमचं घर पत्र्याचं होतं. उभं राहिलं. भाऊ दुसऱ्याच्या घरात गेला. तुम्ही मला कधी विचारलं न्हाई, म्हणून मी सांगितलं न्हाई. आन ते मला स्टेजवर सांगायचं बी न्हाई. मी इथं फिजिक्स शिकायला आले."

तिचा आवाज चढला नव्हता. 'लई' नि 'न्हाई' जसे तिच्या गावात बोलतात तसेच होते. सरांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांना राग आला होता की लाज वाटली होती, हे मला त्या वयात कळलं नाही, आता वाटतं की त्यांनाही कळलं नसावं.

"माफी माग. सगळ्यांसमोर."

"कशाची, सर?"

पंखा फिरत होता.

"उद्यापासून वर्गात येऊ नकोस," सर म्हणाले.

सुनंदानं क्षणभर विचार केला. खरोखर विचार केला, जसा गणित सोडवताना करतात. मग म्हणाली, "उद्यापासून ना, सर? मग आज बसते." आणि ती खाली बसली, वही उघडली, पेनाचं टोपण काढून मागं लावलं आणि फळ्याकडं बघायला लागली.

सरांनी टेबलावरचा खडू उचलला आणि आदल्या धड्याचं उरलेलं गणित पाठमोरे होऊन मांडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी तिच्यासाठी रडवेलं तोंड करून चहा केला, तर कॉट रिकामी. धावत क्लासला गेलो. झाडलोट करणारी बाई नुकती दारं उघडून गेली होती. तिसऱ्या तुकडीची खोली रिकामी होती. पहिल्या तुकडीच्या खोलीत, सगळ्यांत पुढच्या बाकावर, बरोबर मधोमध, सुनंदा येऊन बसली होती.